पावतीपुस्तक तरुणांकडे, जमाखर्चाची वही कुणाकडे?

श्रावण सरत आला की गावोगावच्या गल्ल्यांत पावतीपुस्तके बाहेर निघतात. अठरा-वीस वर्षांची मुले संध्याकाळी चार-पाच जणांच्या गटाने जिने चढतात, बेल वाजवतात आणि ‘काका, मंडळाची वर्गणी’ म्हणून दारात उभी राहतात. कुणी मागच्या वर्षीची पावती शोधून तेवढेच देतो, कुणी शंभर रुपये वर देतो, कुणी ‘उद्या या’ म्हणून दार लोटतो. पुढे मांडव घालणे, रात्री मूर्तीजवळ आळीपाळीने जागणे, महाप्रसादाच्या पंगतीत वाढणे आणि विसर्जनानंतर चौक झाडून काढणे ही कामेही त्याच मुलांकडे येतात. मांडवात रक्तदान शिबिर भरले तर खाटा तीच मांडतात. कुठे महापूर आला तर मदतीचा टेम्पो तीच भरतात.

अशी मुले प्रत्येक गावात, प्रत्येक वॉर्डात दिसत असताना ‘हल्लीच्या पोरांना समाजाचे काही पडलेले नाही’ ही तक्रार करणे अन्यायाचे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापुराने वेढले, तेव्हा होड्यांतून माणसे बाहेर काढायला आणि छावण्यांत भाकरी पोचवायला स्थानिक तरुण मंडळे पुढे होती. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडाले, त्यानंतर बाहेरगावच्या तरुणांनी अनोळखी माणसांच्या घरांतला चिखल फावड्याने उपसला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रात्री-अपरात्री खाट आणि ऑक्सिजन कुठे मिळेल याच्या याद्या करणारी मुले बहुतेक महाविद्यालयीन वयाचीच होती. समाजासाठी धावणाऱ्या हातांची महाराष्ट्राला कधीच वाण पडलेली नाही.

खरी अडचण निराळी आहे. वर्गणी गोळा करतात तरुण, पण ती कुठे खर्च करायची हे ठरवतात दुसरेच. राबायला विशीतली मुले आणि ठरवायला पन्नाशीतले पदाधिकारी, अशी वाटणी बहुतेक मंडळांत, गावच्या यात्रा समित्यांत आणि महाविद्यालयांच्या शिबिरांतही पक्की झाली आहे. पावतीपुस्तक तरुणाच्या हातात असते, जमाखर्चाची वही मात्र त्याला क्वचितच पाहायला मिळते. जो पैसे मागतो, त्यालाच त्या पैशांचे उत्तर देण्याची जबाबदारी आणि अधिकार मिळाला पाहिजे. तो मिळत नाही म्हणून उत्साहाची लाट येते आणि ओसरते. तिच्यातून टिकाऊ काम उभे राहत नाही.

महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर हे चित्र पूर्वी असे नव्हते. धोंडो केशव कर्वे पुढे स्त्रीशिक्षणासाठी महर्षी म्हणून ओळखले गेले, पण त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात आपल्या गावापासून झाली. दापोलीजवळच्या मुरूडची जी माणसे पोटापाण्यासाठी बाहेर पडली, त्यांनी आपल्या प्राप्तीतला लहानसा ठराविक वाटा गावच्या सार्वजनिक कामांसाठी बाजूला काढावा, अशी कल्पना त्यांनी उमेदीच्या वयात मांडली आणि ‘मुरूड फंड’ सुरू केला. रक्कम किती जमली यापेक्षा त्या फंडाची घडण महत्त्वाची होती. वर्गणी नियमित होती, तिचा हेतू ठरलेला होता आणि ती मागणारा माणूस स्वतःही ती देत होता.

कोकणातल्या गावांनी ही रीत पुढे कितीतरी वर्षे चालवली. गिरणगावातल्या चाळींत गावाच्या नावाची खोली असायची. तिथे दाटीवाटीने राहणारे चाकरमानी महिन्याची वर्गणी काढायचे आणि रविवारी सभा भरवून हिशेब वाचायचे. गावची शाळा, पायवाट, देवळाचे छप्पर, आजारी माणसाचा मुंबईतला उपचार अशा कामांना त्या पैशांतून हातभार लागे. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशा पाट्या आजही दिसतात. हातातोंडाची गाठ पडताना ज्यांची धावपळ होत होती, अशा गिरणी कामगारांनी चालवलेली ती सार्वजनिक कारभाराची शाळाच होती.

स्वदेशीच्या काळातला पैसा फंड हे आणखी मोठे उदाहरण. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, असा संकल्प सोडला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले. गावोगाव फिरून पैसा-पैसा जमवणारे स्वयंसेवक तयार झाले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. काचकामाचे शिक्षण देणे हाही त्या कारखान्याचा हेतू होता. एक पैसा ही रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली होती, म्हणजे कुणालाच नाही म्हणता येऊ नये आणि देणारा प्रत्येक जण त्या कामाचा भागीदार व्हावा. आजच्या क्यूआर कोडच्या जमान्यातही लोकवर्गणीचे याहून चांगले तत्त्व सापडणार नाही.

भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य मागून त्यांनी वसतिगृहे चालवली आणि ‘कमवा आणि शिका’ ही शिस्त विद्यार्थ्यांना लावली. त्या वसतिगृहांत मुले नुसती जेवणारी नव्हती. स्वयंपाक, शेती आणि स्वच्छता त्यांच्याच अंगावर होती. आज सातशेहून अधिक शाखा असलेली ही संस्था अशा जबाबदारीच्या वाटपावर उभी राहिली आहे.

या सगळ्या उदाहरणांत निर्णय आणि हिशेब त्या-त्या काळच्या तरुणांकडे होता. आज तो का नाही, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते. ‘पोरांच्या हातात पैसे दिले तर उधळतील.’ हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. विशी-पंचविशीतली हीच मुले बँकांत रोख मोजतात, रुग्णालयांत औषधांचा साठा सांभाळतात, स्पर्धा परीक्षा देऊन तालुक्याचा कारभार हाती घेतात, सीमेवर तैनात होतात. वयाच्या अठराव्या वर्षी ती मतदान करून सरकार निवडतात. त्यांना मंडळाचे खजिनदारपद झेपणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही. उलट मंडळांबद्दलच्या जुन्या तक्रारी पाहा: सक्तीची वर्गणी, ध्वनिवर्धकांच्या भिंतींवरचा खर्च, चौकाचौकांतले नेत्यांचे फलक. यांतले बरेचसे निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत होतात आणि लोकांच्या दारात जाऊन शिव्या खाव्या लागतात त्या मुलांना.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. नोंदणीकृत नसलेल्या मंडळाला किंवा गटाला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. हा अर्ज ऑनलाइन करता येतो. जमा झालेल्या पैशांचा हिशेब द्यावा लागतो आणि पुढच्या वर्षीच्या परवानगीच्या वेळी मागच्या वर्षीचा जमाखर्च विचारला जातो. म्हणजे वर्गणी हा नुसता भावनेचा व्यवहार नाही, तो कायद्याच्या कक्षेतला सार्वजनिक पैसा आहे. पण वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या किती मुलांना ही परवानगी पाहायला मिळते? तिची छायाप्रत पावतीपुस्तकाला जोडलेली असली, तर देणाऱ्याचा विश्वास वाढेल आणि मागणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची जाण येईल.

मंडळांकडे एक सुंदर परंपरा आहे ती अहवालाची. उत्सव संपला की छापील अहवाल निघतो. त्यात कार्यकारिणीची नावे, जाहिराती, वर्गणीदारांची यादी आणि शेवटच्या पानांवर जमाखर्च असतो. गावच्या यात्रेतही देणगीदारांची नावे आणि रकमा ध्वनिवर्धकावरून वाचून दाखवण्याची पद्धत आहे. जमेची बाजू अशी सर्वांसमोर येते. खर्चाची बाजूही तितक्याच मोठ्या आवाजात वाचली गेली पाहिजे. मांडवाला किती, वाद्यांना किती, रोषणाईला किती आणि सामाजिक कामाला किती, हे चार आकडे मांडवाच्या दारावर लावायला खडू आणि फळा पुरतो.

हिशेब नीट असला की उत्साहाचे काय होते, हे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने दाखवून दिले. २०१६ मध्ये अमरावतीतील वरुड, बीडमधील अंबाजोगाई आणि साताऱ्यातील कोरेगाव या तीन तालुक्यांत ही स्पर्धा सुरू झाली. ऐन उन्हाळ्यात, ४५ दिवसांत, ज्या गावाने पाणलोटाचे सर्वांत चांगले काम केले त्याला पन्नास लाख रुपयांचे बक्षीस होते. पहिला मान कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाला. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले, २०१८ मध्ये पंचाहत्तर. त्या वर्षी १ मे रोजी शहरांतले हजारो तरुण ‘जलमित्र’ म्हणून श्रमदानाला गावांकडे गेले.

या कामाचे यश केवळ घामाचे नव्हते. गावातून निवडलेल्या स्त्री-पुरुषांना आधी प्रशिक्षण मिळाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम कसे करायचे, सलग समतल चर कसे आखायचे, दगडी बांध कुठे घालायचा, हे ती मंडळी शिकून आली. चर किती घनमीटर खोदला हे मोजले गेले. यंत्राच्या डिझेलसाठी गावाने वर्गणी काढली, ती कुठे गेली हे गावाला डोळ्यांनी दिसत होते. ज्यांना कुणी सभेत बोलू दिले नव्हते, अशा विशीतल्या मुलामुलींना मोजपट्टी हातात आल्यावर गावाने ऐकून घेतले. पण स्पर्धेनंतर बांधांची डागडुजी आणि साठलेल्या पाण्याचे नियोजन जिथे झाले नाही, तिथे त्या श्रमांचे चीज होत नाही, हेही तितकेच खरे. बांध घालणाऱ्या तरुणांना पाणीवाटपाच्या बैठकीतही खुर्ची मिळाली पाहिजे.

रक्तदानाचे उदाहरण आणखी जवळचे आहे, कारण प्रत्येक तालुक्यात ते घडते. स्वेच्छा रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढ्यांची मदार अशा शिबिरांवर आहे. आणि शिबिरांची मदार तरुणांवर.

तरीही दर एप्रिल-मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्ताचा तुटवडा पडल्याच्या बातम्या येतात. कारण शिबिरांच्या तारखा नेत्यांच्या वाढदिवसांवर, जयंत्यांवर आणि उत्सवांवर ठरतात. एकाच दिवशी एकाच शहरात अनेक शिबिरे होतात आणि मग परीक्षा-सुट्ट्यांच्या काळात महाविद्यालये बंद असली की शिबिरेच होत नाहीत. रक्त साठवून ठेवायला मर्यादा आहे. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच दिवस. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. म्हणजे एकाच दिवशी शेकडो तरुणांनी रक्त दिले, की पुढचे तीन महिने त्या भागातले तेवढे दाते थांबतात. इकडे थॅलेसेमियाच्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि त्याला वाढदिवसांच्या तारखा उपयोगाच्या नसतात.

इथे वर्षभराचे वेळापत्रक तरुणांनीच हातात घ्यायला हवे. तालुक्यातल्या मंडळांनी आणि महाविद्यालयांनी एकत्र बसून रक्तपेढीला विचारावे, तुम्हाला कोणत्या महिन्यात किती पिशव्या कमी पडतात? मग बारा महिन्यांची वाटणी करावी. मे महिन्याचा शिबिराचा वार घेणाऱ्या मंडळाचा मान सर्वांत मोठा समजावा. २०२० मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्तदान व प्लाझ्मादानावर भर दिला, तेव्हा लोकांनी त्याचे स्वागत केले होते. त्या वर्षी प्रसंगच तसा होता. प्रसंग नसतानाही असे नियोजन करण्याची धमक तरुण मंडळांनी दाखवावी.

आपत्तीच्या मदतीतही हीच उणीव दिसते. पूर ओसरला की चौथ्या दिवशी ट्रकच्या ट्रक येतात. त्यांत बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि वापरलेल्या कपड्यांची गाठोडी असतात. रस्त्याकाठच्या गावाला तीनदा मदत मिळते, आतल्या वाडीला एकदाही नाही. कपड्यांचे ढीग मंगल कार्यालयात पडून राहतात आणि त्यांची विल्हेवाट लावणे हे पूरग्रस्त गावालाच नवे काम होऊन बसते. पाठवणाऱ्यांची भावना खोटी नसते, पण तिकडे काय लागते हे त्यांनी विचारलेले नसते. त्या वेळी झाडू, फावडी, फिनेल, चटया, शाळेच्या वह्या, भांडी आणि वीजदुरुस्ती करणारा माणूस यांची गरज असते. तिकडच्या मंडळाला एक फोन केला तर यादी मिळते. टेम्पो भरणाऱ्या मुलांना ती यादी करण्याचा अधिकार द्या; ती फोन करतील आणि यादी काटेकोर करतील.

टिकून राहिलेल्या मदतीचे एक मोठे उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना लातूर-उस्मानाबादची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. राज्यभरातून स्वयंसेवक धावले. त्यांच्यातले बहुतेक काही आठवड्यांनी आपापल्या घरी परतले, ते स्वाभाविकही होते. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने मात्र भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याला आणली आणि वाघोलीत त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. मुले मोठी होईपर्यंत ते काम चालले. पुढच्या आपत्तींत या संघटनेला काम करता आले, कारण पहिल्या वेळचे काम तिने अर्ध्यावर सोडले नव्हते.

रुग्णांसाठी निधी गोळा करण्याचे काम आता तरुणांच्या मोबाइलवर आले आहे. मित्राच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी, शेजारच्या बाळाच्या महागड्या औषधासाठी संदेश फिरतो, क्यूआर कोड फिरतो आणि दोन दिवसांत लाख-दोन लाख जमतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या सोळा कोटी रुपयांच्या औषधासाठी हजारो अनोळखी माणसांनी पैसे दिले होते. ही माणुसकी खरी आहे. तिच्याबरोबर माहितीही हवी.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना २००६ मध्ये लागू झाली. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा ठरलेली आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ज्या कुटुंबासाठी वर्गणी सुरू होते, त्यातल्या अनेकांना आपण या योजनांना पात्र आहोत हेच ठाऊक नसते. अशा वेळी संदेश पाठवण्याआधी एका स्वयंसेवकाने रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटावे, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जमवावी, तहसीलमध्ये खेटे घालावेत. हे काम छायाचित्रात दिसत नाही, पण एका कुटुंबाला ते कर्जातून वाचवते. त्यानंतरही पैसे कमी पडले तर जरूर मागावेत. ते शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत आणि किती जमले, किती भरले, उरले ते कुठे गेले, हे त्याच समूहावर लिहावे. एकदा खोट्या आवाहनात फसलेला दाता पुढच्या खऱ्या रुग्णालाही देत नाही.

महाविद्यालयांकडे यासाठी तयार यंत्रणा आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षे, दर वर्षी १२० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, अशी तिची आखणी आहे. महाराष्ट्रात या शिबिरांनी अनेकांना पहिल्यांदा खेडे दाखवले, पहिल्यांदा माईकसमोर उभे केले. ते श्रेय या योजनेला दिलेच पाहिजे.

पण तास भरले की प्रमाणपत्र, ही सवय लागली की सेवा हजेरीपुरती उरते. पावसाळ्यात लावलेल्या रोपांना मार्चमध्ये पाणी कोण घालतो, याची नोंद कुठल्याही प्रमाणपत्रात नसते. दत्तक गाव किमान तीन वर्षे तेच ठेवावे, जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला कामाची वही सोपवावी आणि शिबिरातले काम गावच्या ग्रामसभेत ठरावे. शिबिराच्या खर्चाचे अंदाजपत्रक प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनीच करावे. असे शिकवणाऱ्या जागा महाराष्ट्रात आहेत. बाबा आमटे यांनी साठच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात तिथे राहून राबलेल्या अनेकांनी पुढे आयुष्यभराची कामे उभी केली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम तर आयुष्याचे करायचे काय, हा प्रश्न तरुणांसमोर ठेवून त्यांना समाजाच्या प्रश्नांकडे घेऊन जातो. दोन्ही ठिकाणी तरुणाला गंभीरपणे घेतले जाते, हे त्यांचे बलस्थान आहे.

मुलींचा मुद्दा वेगळा मांडावा लागतो. शिबिरांत, ढोलपथकांत, मदतकार्यात मुली बरोबरीने आहेत. मंडळाच्या कार्यकारिणीच्या फलकावर त्यांची नावे मात्र शोधावी लागतात, आणि असली तर बहुधा ‘महिला आघाडी’त. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बचत गटांच्या वह्या बायका वर्षानुवर्षे चोख ठेवत आल्या आहेत. आईच्या गटाची वही लिहून देणारी मुलगी मंडळाची वही नक्कीच लिहू शकेल.

आणखी एक अवघड विषय आहे मानधनाचा. वर्गणीतला प्रत्येक रुपया ‘गरजूलाच’ गेला पाहिजे, असा आग्रह देणारे धरतात. पण वर्षभर काम चालवायचे तर प्रवासखर्च, फोन, छपाई लागतेच आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यालाही पोट असते. हे ओळखून मराठी रंगभूमीवरच्या नामवंत कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले होते. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले त्यात पुढे होते. त्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्याची कल्पना होती. स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून मदत पोचवणारा मुलगा वर्षभरात थकतो आणि गरीब घरातला असेल तर तो येतच नाही. स्वयंसेवकाचा रास्त खर्च उघडपणे हिशेबात धरावा. लपवलेल्या खर्चाने संशय वाढतो, दाखवलेल्या खर्चाने विश्वास वाढतो.

राजकारणाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. तरुणांची फौज असलेल्या मंडळाला निवडणुकीच्या तोंडावर टी-शर्ट, कमान, वाद्ये देणारे अनेक भेटतात. एका मोठ्या देणगीदाराने सगळा खर्च उचलला की दारोदार हिंडण्याचा त्रास वाचतो, पण त्याबरोबर गल्लीतल्या दोनशे घरांशी असलेले मंडळाचे नातेही सुटते. दोनशे घरांनी पन्नास-पन्नास रुपये दिलेले मंडळ दोनशे घरांना बांधील राहते. मंडळांनी कुठल्याही एका देणगीदाराच्या रकमेवर मर्यादा घालून घ्यावी. त्यामुळे रोषणाई थोडी कमी होईल, मंडळाचा आवाज मात्र स्वतःचा राहील.

ज्येष्ठांना बाजूला सारा, असा या सगळ्याचा अर्थ नाही. परवानगी कशी मिळवायची, पोलीस ठाण्यात कसे बोलायचे, भांडणारी दोन घरे एका पंगतीत कशी बसवायची, हे त्यांच्याकडूनच शिकायचे असते. त्यांनी सल्लागार म्हणून शेजारी बसावे आणि सही तरुणांना करू द्यावी. पहिल्या वर्षी बेरजेत चूक होईल, एखादी पावती हरवेल. ती चूक सभेत निघाली आणि तिथेच दुरुस्त झाली, तर त्या मुलाला जे शिकायला मिळेल ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही. उद्या हीच मुले ग्रामपंचायतीत, सहकारी संस्थेत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसणार आहेत. तिथे पैसा आपला नसून लोकांचा आहे ही जाणीव घेऊन ती यावीत असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात गल्लीतल्या मंडळापासून करावी लागेल.

म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाला आणि यात्रा समितीला आग्रहाची विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव करा. खजिनदार किंवा सहखजिनदार पंचविशीच्या आतला असेल आणि दोन्हींपैकी एक पद मुलीकडे असेल. उत्सव संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत पूर्ण जमाखर्च चौकातल्या फळ्यावर आणि मंडळाच्या समूहावर लावला जाईल. वर्गणीतला ठराविक हिस्सा वर्षभर चालणाऱ्या एकाच स्थानिक कामासाठी राखला जाईल आणि ते काम तरुण सभासद मतदानाने निवडतील. आणि वर्गणी देणाऱ्या वाचकांनाही विनंती आहे. यंदा दारात मुले आली की त्यांना पाण्याचा पेला द्या, जमेल तेवढी वर्गणी द्या आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागा. ‘तो आमच्याकडे नसतो’ असे ती म्हणाली, तर त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांना त्याच संध्याकाळी फोन करून विचारा, का नसतो?